मंगळावरचं हाड आणि भीमबेटकाचं पोळं

२०१४ च्या ऑगस्ट महिन्यात मंगळावर मांडीचं हाड सापडलं. म्हणजे तशी बातमी जगभर फिरली. 'क्युरिऑसिटी' ही नासाची बग्गी तेव्हा दोन वर्षांपासून मंगळावरच्या गेल नावाच्या विवरात हिंडत होती. १४ ऑगस्टला तिने टिपलेल्या एका छायाचित्रात मातीवर पडलेला एक लांबट दगड होता. मधे बारीक, टोकांना फुगीर. शरीरशास्त्राचं पुस्तक उघडून शेजारी ठेवलं तर कुणीही म्हणावं, हे तर मांडीचं हाड! आठवडाभरात नासाला खुलासा करावा लागला, की हा दगड आहे, वाऱ्याने किंवा पाण्याने झिजून त्याला असा आकार आला आहे. आणि मंगळावर कधी काळी जीव असलेच तर ते साधे सूक्ष्मजीव असतील.

मी भूशास्त्र शिकवण्यात आयुष्य घालवलं, त्यामुळे असं काही छापून आलं की ओळखीची माणसं ते माझ्याकडे पाठवतात. २०२२ च्या फेब्रुवारीत मंगळावर फूल उमललं, त्याच वर्षी मे महिन्यात कड्यात कोरलेला दरवाजा दिसला, २०२५ च्या जुलैमध्ये प्रवाळ सापडलं. प्रत्येक वेळी चित्र येतं आणि खाली प्रश्न असतो, 'सर, हे काय?' काहींच्या प्रश्नाला मात्र किंचित धार असते. 'तुम्ही शास्त्रज्ञ मंडळी हे मान्य का करत नाही?' आज मला बोलायचं आहे ते या दुसऱ्या प्रश्नाविषयी. कारण तो रास्त आहे. 'उगीच शंका काढायची' हा काही शास्त्राचा धंदा नव्हे. शंकेलाही कारण द्यावं लागतं.

आधी डोळ्यांबद्दल थोडं. अंधारात दोरीला साप समजून उडी मारणारा माणूस फार तर हशाचा धनी होतो. सापाला दोरी समजणारा जिवाला मुकतो. हजारो पिढ्या हेच चालत आल्यामुळे आपला मेंदू अर्धवट खुणांवरून ओळखीचा आकार पुरा करण्यात तरबेज झाला आहे. चेहरा, डोळे, हातपाय, प्राण्याची पाठ हे आकार तो सर्वांत आधी शोधतो. चंद्रावरच्या डागांत आपण ससा पाहिला, ढगांत हत्ती पाहिले, डोंगरकड्यावर नाक आणि हनुवटी पाहिली. शेंदूर लावलेल्या तांदळ्यात देवीचं मुख दिसतं, तिथे भाव महत्त्वाचा. तो विषय निराळा. पण दगडातला आकार हा पुरावा म्हणून मांडायचा झाला, की हीच सवय अडचणीची ठरते.

मंगळाच्या बाबतीत ही अडचण जुनी आहे. १८७७ मध्ये इटलीच्या स्किआपारेल्ली यांना दुर्बिणीतून मंगळावर रेघा दिसल्या. पुढे अमेरिकेच्या पर्सिव्हल लॉवेल यांनी त्यांचे कालवे केले, आणि कालवे आले म्हणजे ते खणणारेही आले. १९०३ मध्ये ग्रिनिचचे खगोलशास्त्रज्ञ मॉन्डर यांनी एक छान प्रयोग केला. त्यांनी शाळेतल्या मुलांसमोर लांबवर मंगळाचं चित्र टांगलं. त्यात वेडेवाकडे ठिपके होते, कालवे नव्हते. मुलांना म्हटलं, दिसतं तसं काढा. ठरावीक अंतरावर बसलेल्या मुलांनी ठिपके जोडून सरळ रेघा काढल्या. मुलं खोटं बोलत नव्हती. त्यांना रेघाच दिसल्या होत्या! शेवटी १९६५ मध्ये 'मरिनर ४' यान मंगळाजवळून गेलं, त्याने बावीस छायाचित्रं पाठवली, आणि कालव्यांचा विषय संपला.

त्यानंतर अकरा वर्षांनी चेहरा आला. २५ जुलै १९७६ ला 'व्हायकिंग १' या यानाने सायडोनिया नावाच्या प्रदेशाचं छायाचित्र घेतलं. त्यात सुमारे दोन किलोमीटर लांबीची एक टेकडी माणसाच्या चेहऱ्यासारखी दिसत होती. सूर्य क्षितिजाजवळ होता, त्यामुळे सावल्या लांब पडल्या होत्या. चित्र पृथ्वीवर येताना काही माहिती गळाली होती, तिथे काळे ठिपके उरले. त्यातला एक नेमका नाकपुडीच्या जागी बसला. नासाने तेव्हाच सांगितलं होतं, की हा उजेड-सावलीचा खेळ आहे. पण त्या चेहऱ्याने पुढे पंचवीस वर्षं पुस्तकं विकली. १९९८ मध्ये 'मार्स ग्लोबल सर्व्हेयर' यानाने तीच टेकडी पुन्हा टिपली आणि ८ एप्रिल २००१ ला तर दीड मीटरची वस्तू ठिपक्यासारखी उमटेल इतक्या बारकाईने टिपली. चेहरा गेला, माथा सपाट असलेली झिजलेली टेकडी उरली. दुरून डोंगर साजरे, ही म्हण सहसा इतकी शब्दशः खरी होत नाही.

यावरून एक कसोटी हाती येते. खरी वस्तू जवळून पाहिली की जास्त खरी दिसू लागते. तिच्यात नवे तपशील निघतात. भ्रम असेल तर जवळ जाताच तो विरतो. म्हणून एखादं चित्र आलं की मी पहिल्यांदा विचारतो, वस्तू केवढी आहे आणि ती आणखी कुठल्या कोनातून टिपली आहे का? २००८ मध्ये 'स्पिरिट' बग्गीच्या छायाचित्रात खडकावर टेकलेली एक बाईच दिसली म्हणे. मोजल्यावर बाईसाहेबांची उंची जेमतेम सहा सेंटिमीटर भरली. कड्यातल्या दरवाजाची उंची सुमारे ३० सेंटिमीटर होती. फूल एक सेंटिमीटरचं. छायाचित्राला पट्टी लावलेली नसते आणि ओळखीची वस्तू दिसली की तिचं ओळखीचं मापही आपण मनाने तिला देऊन टाकतो.

दुसरं म्हणजे चित्र आपल्यापर्यंत कसं पोचलं? यानाकडून येताना बहुतेक चित्रांतली माहिती आवळून पाठवतात. तेच चित्र कुणी दहापट मोठं करतो, कडा ठळक करतो, रंग भरतो. मग उरतात ते चौकोनी ठिपके, आणि त्यांत पाय, शेपटी, पंख काय हवं ते सापडतं. २०१९ मध्ये ओहायो विद्यापीठाचे निवृत्त कीटकशास्त्रज्ञ विल्यम रोमोझर यांनी मंगळाच्या अशाच छायाचित्रांत कीटक दिसत असल्याचं एका परिषदेत मांडलं, तेव्हा त्यांच्याच क्षेत्रातल्या लोकांनी ते खोडून काढलं. शुक्राची गोष्ट आणखी बोलकी आहे. १ मार्च १९८२ ला सोव्हिएत 'व्हेनेरा १३' यान शुक्रावर उतरलं. तिथलं तापमान साडेचारशे अंश सेल्सिअसच्या वर, दाब आपल्याकडच्या सुमारे नव्वदपट. तरी ते १२७ मिनिटं टिकलं आणि त्याने छायाचित्रं पाठवली. तीस वर्षांनी, २०१२ मध्ये, त्या मोहिमांवर स्वतः काम केलेले शास्त्रज्ञ लिओनिद क्सान्फोमालिती यांनी त्या छायाचित्रांत विंचवासारखा आणि तबकडीसारखा जीव दिसतो असा दावा केला. तबकडी म्हणजे कॅमेऱ्याच्या भिंगावरून निसटलेलं झाकण होतं. विंचू हा प्रक्षेपणातल्या खरखरीतून तयार झालेला. माणूस अनुभवी, विषय स्वतःचा, तरीही असं झालं, हे मला लक्षात ठेवण्यासारखं वाटतं. पदवीने डोळ्यांना लगाम बसत नाही.

आता त्या फुलाकडे वळू. ते खोटं नव्हतं, चित्रात कुणी लबाडी केली नव्हती, फांद्या खरोखरच होत्या. मग ते काय? मंगळावर अब्जावधी वर्षांपूर्वी पाणी होतं. ते खडकांच्या भेगांतून आणि छिद्रांतून झिरपलं, आणि जाताना त्यात विरघळलेली खनिजं तिथेच साकळली. खडक मऊ, आतली खनिजं टणक. पुढे पाणी गेलं आणि वारा राहिला. मंगळाची हवा आपल्या हवेच्या शंभराव्या भागाहूनही विरळ आहे, पण तिच्याबरोबर उडणारी वाळू कोट्यवधी वर्षं घासत राहिली तर मऊ खडक झिजून जातो आणि मधली टणक जाळी उघडी पडते. तीच आपल्याला पाकळ्यांसारखी, प्रवाळासारखी दिसते. हाडाची गत फारशी निराळी नाही. आणि हे निर्जीव उत्तर ऐकून पुष्कळांचा चेहरा उतरतो, ते मला कधी कळलं नाही. २००४ मध्ये 'ऑपॉर्च्युनिटी' बग्गीला जमिनीवर विखुरलेल्या काही मिलिमीटरच्या गोल गोळ्या सापडल्या. त्या बियांसारख्या, फळांसारख्या दिसत म्हणून त्यांना 'ब्लूबेरी' हेच नाव पडलं. त्या हेमॅटाइट या लोहखनिजाच्या निघाल्या, खडकात झिरपलेल्या पाण्यातून साकळलेल्या. मंगळावर पाणी असल्याचा तो पहिल्या प्रतीचा पुरावा होता. फळ निघालं नाही, पण पाणी निघालं.

असले देखावे पाहायला मंगळावर जायची गरज नाही. आपल्या दख्खनच्या काळ्या खडकात जे अकीक सापडतात, त्यांतल्या काहींच्या पोटात शेवाळाची किंवा नेच्याच्या पानाची हुबेहूब नक्षी असते. एकदा एक गृहस्थ असा दगड रुमालात गुंडाळून माझ्याकडे घेऊन आले होते, हा वनस्पतीचा जीवाश्म आहे आणि तो सरकारने ताब्यात घ्यावा म्हणून. ती नक्षी लोह आणि मँगनीज यांच्या ऑक्साइडची असते. खनिज पसरताना त्याला फांदीमागून फांदी फुटत जाते. मी त्यांना एवढंच दाखवलं, की पानाला मधली शीर असते, बाजूच्या शिरा ठरावीक अंतराने फुटतात, आणि इथे तसं काहीच नाही. ते नाराज झाले. पण दगड परत रुमालात गुंडाळताना त्यांनी आणखी एकदा तो भिंगाखाली धरून पाहिला, हे मला आवडलं.

ही चूक फक्त हौशी माणसांचीच होते असं नाही. जरा अलीकडचं आणि आपल्या देशातलंच उदाहरण सांगतो. भोपाळजवळची भीमबेटकाची चित्रांकित गुहाश्रयं १९५७ मध्ये आपल्या विष्णु श्रीधर वाकणकरांनी जगासमोर आणली. तिथल्या सभागृहासारख्या मोठ्या गुहेत २०२० च्या मार्च महिन्यात काही भूशास्त्रज्ञांना छताजवळच्या खडकावर पानासारखा, मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना पट्टे असलेला ठसा दिसला. त्यांना तो 'डिकिन्सोनिया'चा वाटला. डिकिन्सोनिया म्हणजे सुमारे ५५ कोटी वर्षांपूर्वीचा एक चपटा, मऊ शरीराचा जीव; ऑस्ट्रेलियात आणि रशियात त्याचे ठसे प्रसिद्ध आहेत. २०२१ मध्ये 'गोंडवाना रिसर्च' या नामांकित नियतकालिकात शोधनिबंध आला, भारतातला पहिला डिकिन्सोनिया म्हणून. बातमी परदेशातही गाजली.

यात पणाला काय लागलं होतं, ते बघा. विंध्य पर्वतातल्या या वरच्या थरांचं वय किती, हा जुना वाद. एका बाजूचा पुरावा म्हणतो शंभर कोटी वर्षांच्या आसपास. डिकिन्सोनिया खरा, तर तेच थर ५५ कोटींपर्यंत खाली येतात. म्हणजे एका ठशामुळे अख्ख्या पर्वतराजीचं वय निम्म्यावर! वारसास्थळ असल्यामुळे तिथे हातोडा चालवून नमुना काढता येत नाही. त्यामुळे सारी भिस्त छायाचित्रांवर आणि मोजमापांवर होती. म्हटलं तर, परग्रहाच्या छायाचित्रासारखीच स्थिती.

२०२२ च्या अखेरीस फ्लोरिडा विद्यापीठाचे जोसेफ मीर्ट आणि त्यांचे सहकारी स्वतः गुहेत जाऊन उभे राहिले. तोवर तो ठसा झिजला होता आणि खडकावरून सुटत चालला होता. पन्नास कोटी वर्षं टिकलेला जीवाश्म अडीच वर्षांत सुटू लागत नाही. आसपास त्यांना मधमाश्यांची पोळी दिसली, आणि ठशाच्या जागी मेणाच्या षट्कोनी घरांच्या खुणा. डिकिन्सोनिया म्हणजे गळून पडलेल्या पोळ्याचा खडकाला चिकटलेला अवशेष होता. २०२३ मध्ये त्यांचा निबंध त्याच नियतकालिकात आला. शीर्षकातच त्यांनी डंखावर आणि गुणगुण्यावर कोटी केली होती. मूळ निबंधाचे प्रमुख लेखक ग्रेगरी रेटॅलॅक यांनी ते मान्य केलं. विंध्य पर्वताचं वय पुन्हा जिथल्या तिथे आलं. आता विचार करा. खडकाखाली उभं राहून, पृथ्वीवर, तज्ज्ञ डोळ्यांना पोळ्यात जीवाश्म दिसू शकतो, तर कोट्यवधी किलोमीटरवरच्या छायाचित्रातल्या हाडाविषयी आम्ही हात आखडता घेतो, त्यात नवल काय?

अशा दाव्यांचा सर्वांत मोठा खटला १९९६ मध्ये उभा राहिला. अंटार्क्टिकाच्या ॲलन हिल्स भागात डिसेंबर १९८४ मध्ये दोन किलोंहून थोडा कमी वजनाचा एक अशनी सापडला होता. तो मंगळावरचा आहे हे कळायला नऊ वर्षं गेली. खडक सुमारे ४१० कोटी वर्षांचा. दीडएक कोटी वर्षांपूर्वी मंगळावर काहीतरी आदळलं तेव्हा तो अवकाशात फेकला गेला, आणि तेरा हजार वर्षांपूर्वी अंटार्क्टिकाच्या बर्फावर पडला. ७ ऑगस्ट १९९६ ला नासाच्या डेव्हिड मॅके आणि सहकाऱ्यांनी जाहीर केलं, की यात प्राचीन सूक्ष्मजीवांच्या खुणा असाव्यात. खुद्द राष्ट्राध्यक्ष क्लिंटन त्यावर बोलले. वर्तमानपत्रांत जे चित्र छापून आलं ते एका अळीसारख्या, पेरं पेरं असलेल्या आकाराचं होतं.

मॅके यांचं म्हणणं त्या एका चित्रावर उभं नव्हतं, हे इथे सांगायला हवं. त्यांच्याकडे चार गोष्टी होत्या: कार्बोनेटचे गोळे, कार्बनी रेणू, चुंबकीय लोहखनिजाचे सूक्ष्म स्फटिक, आणि ते आकार. एकेकीला निर्जीव कारण देता येईल, पण चारही एकाच जागी असणं म्हणजे जीवच, असा त्यांचा युक्तिवाद. आणि त्याच पत्रकार परिषदेत नासाने एक विरोधकही मुद्दाम बसवला होता, प्राचीन जीवाश्मांचे अभ्यासक विल्यम शॉफ. त्यांनी तिथल्या तिथे सांगितलं, पुरावा अपुरा आहे.

पुढच्या वर्षांत एकेक खांब निखळला. आकार बहुतेक २० ते १०० नॅनोमीटरचे होते; स्वतंत्रपणे जगणाऱ्या पेशीला लागणारं किमान सामान दोनशेएक नॅनोमीटरच्या आत मावत नाही, असं तज्ज्ञांच्या बैठकीत निघालं. सूक्ष्मदर्शकासाठी नमुन्यावर धातूचा पातळ मुलामा देतात, त्यानेही पेरं पडल्याचा भास होऊ शकतो. चुंबकीय स्फटिक लोहाचं कार्बोनेट तापवून प्रयोगशाळेत करता आले. २०२२ मध्ये अँड्र्यू स्टील यांच्या गटाने दाखवलं, की त्यातले कार्बनी रेणू पाणी आणि खडक यांच्या रासायनिक क्रियेतून जीवाविना तयार झालेले असावेत. मॅके २०१३ मध्ये वारले, तोवर आपल्या मतावर ठाम होते. मला त्यांच्याबद्दल आदरच आहे. त्यांनी पुरावा उघड मांडला, इतरांनी तो तपासला, आणि त्या भांडणातूनच पुढे परग्रहावरच्या जीवांचा शोध हे एक रीतसर शास्त्र म्हणून उभं राहिलं. गंमत म्हणजे शंका काढणारे शॉफही सुटले नाहीत. ऑस्ट्रेलियातल्या जवळजवळ ३५० कोटी वर्षांच्या खडकातले त्यांचे स्वतःचे गाजलेले जीवाश्म खरे की खनिजाचे आकार, असा प्रश्न २००२ मध्ये मार्टिन ब्रेझियर यांनी उभा केला, आणि तो वाद पुढे कितीतरी वर्षं चालला.

मग जीवाश्म आहे असं कधी म्हणायचं? हाडाच्या बाबतीत तर आधीच अडतं. पृथ्वीवर सूक्ष्मजीव आल्यावर हाडं असलेले प्राणी यायला जवळपास तीनशे कोटी वर्षं आणि भरपूर प्राणवायू लागला. मंगळाला ना तेवढी सवड मिळाली ना तसली हवा. शिवाय जीव एकटा नसतो. जिथे एक शिंपला सापडतो तिथे त्याच थरात शेकडो सापडतात, लहान-मोठे, फुटके, पालथे. अख्ख्या मैदानात एकच हाड आणि बाकी सांगाडा, पिल्लं, भाऊबंद कुणीच नाहीत, हे जीवाच्या रीतीला धरून नाही. नोरा नोफ्के या संशोधिकेने २०१५ मध्ये गेल विवरातल्या वालुकाश्मावरच्या सुरकुत्यांची आणि खड्ड्यांची पृथ्वीवरच्या सूक्ष्मजीवांच्या थरांशी तुलना केली, तेव्हा तिने एकेकट्या आकाराला धरलं नाही. कोणती खूण कोणत्या खुणेशेजारी, किनाऱ्याच्या कोणत्या भागात येते, हे तिने पाहिलं, आणि हे फक्त गृहीतक आहे असंही बजावलं. शंका काढावी ती अशा कामावर. हाडावर ती वाया जाते.

आणि खरी खूण आली तर ती बहुधा दिसायला अगदीच सामान्य असेल. २०२४ च्या जुलैमध्ये 'पर्सिव्हिअरन्स' बग्गीला जेझेरो विवरात, एका जुन्या नदीच्या पात्रात, मीटरभर लांबीचा एक तांबूस खडक सापडला. 'चेयावा फॉल्स' हे त्याचं नाव. त्यावर बिबट्याच्या कातडीसारखे मिलिमीटरभराचे ठिपके आहेत, कडा गडद, मधला भाग फिकट. हाड नाही, फूल नाही. वर्तमानपत्रात छापलं तर लोक पान उलटतील. पण त्या खडकात कार्बनी पदार्थ आहेत, आणि ठिपक्यांत लोहाचं फॉस्फेट आणि लोहाचं सल्फाइड असावं असं दिसतं. पृथ्वीवर चिखलातले सूक्ष्मजीव सेंद्रिय पदार्थ खाऊन नेमकी अशी खनिजं मागे ठेवतात. ती जीवाविनाही होतात, पण त्यासाठी बरीच उष्णता किंवा आम्लता लागते, आणि तशा खुणा त्या खडकात आढळलेल्या नाहीत. सप्टेंबर २०२५ मध्ये 'नेचर'मध्ये जोएल ह्युरोविट्झ आणि सहकाऱ्यांचा निबंध आला. त्यातला शब्द 'संभाव्य जीवखूण' असा आहे. २०२१ मध्ये नासाच्या शास्त्रज्ञांनी अशा दाव्यांसाठी सात पायऱ्यांची एक शिडी सुचवली. खूण दिसली ही पहिली पायरी, नमुना दूषित नाही ही दुसरी, जीवाविना ती कशी होईल याचा निकाल त्यानंतर. सातवीपर्यंत आजवर कुणी पोचलेलं नाही.

त्या खडकाचा खडूच्या कांडीएवढा नमुना बग्गीने कोरून एका नळीत बंद करून ठेवला आहे. तो पृथ्वीवर आणण्याची योजना खर्चापायी रखडली आहे. सूक्ष्मजीव गंधक वापरताना त्याचे हलके अणू आधी उचलतात, जड मागे ठेवतात. त्या ठिपक्यांतल्या हलक्या-जड अणूंचं प्रमाण मोजता आलं तर पुष्कळ काही कळेल. मंगळावरच्या बग्गीत ते मोजायची सोय नाही. इथल्या प्रयोगशाळांत आहे, आणि त्यासाठी चिमूटभर दगड पुरेल.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)